शार्फ, हाइस आणि आपलं तिखट

जर्मनमध्ये तिखटाला 'शार्फ' म्हणतात. सुरीला चांगली धार असेल तर तीही 'शार्फ'. वर्गात हा शब्द आला की कुणीतरी वहीत 'हाइस म्हणजे हॉट' असं लिहून मोकळं होतं आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. इंग्रजीत चहाही हॉट आणि मिरचीही हॉट, जर्मनमध्ये मात्र 'हाइस' फक्त गरम पदार्थ.

माझी एक विद्यार्थिनी जर्मनीला गेली आणि तिने घरमालकीणबाईंना जेवायला बोलावलं. आमटी वाढताना काळजीने म्हणाली, "फोरझिश्ट, हाइस!" जपून, तिखट आहे, असं तिला म्हणायचं होतं. बाईंनी चमच्यावर फुंकर घातली, थोडं थांबल्या, पुन्हा फुंकर घातली आणि आमटी निवली असं वाटल्यावर पूर्ण चमचा तोंडात घातला. असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. पोरगी मला फोनवर सांगताना रडवेली झाली होती.

तिने मराठीतून विचार केला असता तर हे झालं नसतं. गरम ते हाइस, तिखट ते शार्फ. जोडी तंतोतंत जुळते. शिवाय आपला 'तिखट' आला आहे 'तीक्ष्ण'वरून, म्हणजे मुळात धारदारच. मिरची जिभेला कापते हे दोन्ही भाषांना सारखंच जाणवलं. म्हणून हा धागा काढतेय. खाण्यापिण्याचे जर्मन शब्द इंग्रजीला वळसा घालून थेट मराठीशी ताडून पाहूया.

दुसरं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. जेवण आवडलं की जर्मन माणूस म्हणतो, "एस श्मेक्ट मिअर." यातला 'मिअर' म्हणजे 'मला'. इंग्रजीतून आलेली मुलं इथे 'मी'चा 'इश' शोधत बसतात, कारण इंग्रजीत ज्याला आवडतं तोच कर्ता असतो. आपल्याकडे मात्र 'मला आवडतं', 'मला गोड लागतं'. चव पदार्थाची, ती लागते आपल्याला. हे वाक्य मराठी मुलाला एकदा असं समजावलं की चतुर्थीचा बागुलबुवा निम्मा पळतो.

तीन लिंगांचंही तसंच. तो, ती, ते आपल्या अंगवळणी आहेत, त्यामुळे डेअर, डी, डास ऐकून घाबरायचं कारण नाही. जेवणाच्या टेबलावरच तिन्ही सापडतात: डेअर लोफल (चमचा), डी गाबल (काटा), डास मेसर (सुरी). पाणी, मीठ, तेल, अंडं, मांस ही दोन्हीकडे नपुंसक. चहा, भात, मासा दोन्हीकडे पुल्लिंगी. पण दूध तिकडे 'डी मिल्श', म्हणजे ती, आणि साखर 'डेअर त्सुकर', म्हणजे तो. जिथे फरक आहे तेवढेच शब्द पाठ करा, ओझं बरंच हलकं होतं. (त्सुकर आणि साखर दोन्ही शर्करेचीच लेकरं, हे कळलं की विसरणं कठीण.)

'एसन' आणि 'फ्रेसन' मात्र जपून वापरा. माणूस खातो ते एसन, जनावर खातं ते फ्रेसन. माणसाला फ्रेसन लावलं की ते 'गिळणं', 'हादडणं' होतं. पिण्यातही तोच भेद: ट्रिंकन म्हणजे पिणं, झाउफन म्हणजे ढोसणं. आणि सूप आपण पितो, जर्मन माणूस ते चमच्याने 'खातो'. 'झुपं ट्रिंकन' म्हटलं तर त्याला कानाला खटकतं.

प्रश्न आला आहे: "ताई, भाजीला गेम्युझं म्हणायचं ना?"

बाजारातल्या भाजीला, हो. पण आपली 'भाजी' पिशवीतही असते आणि ताटातही. शिजून पोळीबरोबर आली तरी ती भाजीच. गेम्युझंचा पसारा एवढा नाही. डब्यातली बटाट्याची भाजी दाखवून गेम्युझं म्हणू नका, सरळ 'कार्टोफल्न मिट गेव्युर्त्सन', मसाला घातलेले बटाटे, असं सांगा.

दुसरा प्रश्न: "पाहुणा म्हणून गेलो होतो. भात आणखी हवा होता, मी 'डांकं' म्हटलं आणि भांडं पुढे गेलं. काय चुकलं?"

दादा, कुणी काही देऊ केलं आणि नुसतं 'डांकं' म्हटलं, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'नको, पुरे' असा होतो. हवं असेल तर 'या, गेर्न' किंवा 'बिटं' म्हणायचं. आपल्याकडे पहिला नकार वाढणारीने मोजायचाच नसतो, आग्रह होणार हे दोघांनाही ठाऊक असतं. तिथे नकार हा नकारच मानतात. यात तुटकपणा नाही, तुमचा शब्द खरा धरलाय एवढंच.

रक्ततपासणीला जाणाऱ्यांसाठी एक शब्द: 'न्युश्टर्न'. डॉक्टरांकडे 'न्युश्टर्न' या म्हणजे अनशापोटी या. याच शब्दाचा दुसरा अर्थ 'दारू न प्यायलेला', म्हणून गोंधळतात. आपला 'अनशापोटी' हल्ली फार ऐकू येत नाही, पण इथे चपखल बसतो.

संध्याकाळच्या जेवणाला पुस्तकात 'आबंटएसन' असतं, पण अनेक घरांत 'आबंटब्रोट' ऐकू येईल, म्हणजे संध्याकाळचा पाव. पाव, चीज, मांसाचे काप, काकडी. चूल पेटत नाही. गरम जेवण बरेच जण दुपारीच उरकतात. श्टुटगार्टच्या बाजूला जाणार असाल तर अशा थंड खाण्याला 'फेस्पर' म्हणतात, बव्हेरियात 'ब्रोटत्साइट', ऑस्ट्रियात 'याउझं'. छोट्या गोल पावाचं तर गाव बदललं की नाव बदलतं: ब्रोटशन, बर्लिनला श्रिपं, म्युनिकला झेमल.

शेवटचा प्रश्न: "जेवण सुरू करताना 'गुटन आपेटीट' म्हणतात. मराठीत असं काही नाही ना?"

आहे की. पंगतीत यजमान फिरत म्हणतात ना, "सावकाश होऊ द्या"! फरक एवढाच की तिथे जेवणारेही एकमेकांना म्हणतात. कचेरीत दुपारी जिन्यात कुणी 'मालत्साइट' म्हणालं तर तुम्हीही 'मालत्साइट' म्हणा आणि जेवायला चला.