घरी संत्र्याच्या रसाचं कॉकटेल: तुमचे अनुभव लिहा

परवा पहिल्यांदाच घरी स्क्रूड्रायव्हर केलं. ५० मिली व्होडका, १०० मिली संत्र्याचा रस, उंच ग्लासात बर्फ, बस. यात चुकण्यासारखं काही नाही असं वाटलं होतं, पण पहिल्याच घोटाला कडवट लागलं. आधी व्होडकावर संशय घेतला. मग नुसता रस चाखला, तर तोच कडू! पाहुणे येणार म्हणून मी तो सकाळीच काढून फ्रिजमध्ये ठेवला होता. दुसऱ्या खेपेला ऐनवेळी रस पिळला आणि पेय एकदम छान झालं. तुमचं काय काय झालं ते लिहा, फसलेलं तर नक्की लिहा.

*

तो कडवटपणा लिमोनिन नावाच्या कडू घटकाचा. रस काढल्यावर त्यातल्या आम्लामुळे ते हळूहळू तयार होतं, म्हणून ताजा रस गोड आणि तोच ठेवलेला कडू. नेव्हल जातीच्या संत्र्यांत हे फार जाणवतं. मी पूर्वी फोडी मिक्सरमध्ये फिरवायचे, त्यात बियाही भरडल्या जायच्या. आता संत्रं आडवं कापून हलक्या हाताने पिळते आणि गाळून घेते. जोर लावला की सालीखालचा पांढरा भागही रसात उतरतो.

*

बहिणीच्या वाढदिवसाला टकीला सनराइज केलं होतं. ४५ मिली टकीला, ९० मिली रस, वरून १५ मिली ग्रेनाडिन. आणि सवयीने चमचा फिरवला! तळाशी लाल, वर केशरी दिसायला हवं होतं, ते सगळं एकाच गढूळ रंगाचं झालं. बहीण काही बोलली नाही, पण मला फार वाईट वाटलं. ग्रेनाडिन साखरेमुळे जड असतं, ते ग्लासच्या कडेने सावकाश सोडलं की आपोआप तळाशी जातं. मूळचं ते डाळिंबाचं सरबतच, त्यामुळे आता घरीच करतो: डाळिंबाचा रस आणि तेवढीच साखर, मंद आचेवर विरघळेपर्यंत. पूर्ण गार झाल्यावरच वापरायचं.

*

मिमोसात रस आणि शॅम्पेन समप्रमाणात. ग्लास तिरका धरून आधी शॅम्पेन, मग रस. उलट केलं तेव्हा सगळा फेस टेबलावर आला. दोन्ही गार हवं, बर्फ नको.

*

एक कळकळीने सांगते. अंदाजाने ओतू नका. ४० टक्क्यांच्या ५० मिली दारूत २० मिली शुद्ध अल्कोहोल असतं आणि गोड रसामुळे ते जिभेला कळतच नाही. आमच्याकडे एका मैत्रिणीला तिसऱ्या ग्लासानंतर उभं राहता येईना. रात्रभर तिच्या उशाशी बसून होते, खूप घाबरले होते. तेव्हापासून मापाशिवाय एकही ग्लास भरत नाही, आणि गाडीच्या किल्ल्या आल्याआल्या मागून घेते.

*

मी पीत नाही, तरी माझा ग्लासही तितक्याच हौसेने भरला जातो. रसात थोडं लिंबू, चिमूटभर मीठ, वरून सोडा. लिंबाने रसाचा मिळमिळीतपणा जातो, मिठाने कडसरपणा दबतो. दिसायला नवऱ्याच्या ग्लाससारखाच, म्हणून माझ्या ग्लासच्या काठाला तो न विसरता संत्र्याची चकती लावतो.