कारखान्याचे दिवाळे निघाले : थकलेल्या पगारापोटी वस्तू नेणे कितपत योग्य?

प्रश्न : शिरोलीचा टर्नर

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत, जिथे फाउंड्री (धातू वितळवून ओतकाम करण्याचा विभाग) आणि मशीन शॉप एकाच आवारात आहे, मी बारा वर्षे सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, काम केले. गेले वर्षभर पगार आधी आठवड्याने आणि मग महिन्याने लांबत गेला. ‘पार्टीचे पेमेंट अडकले आहे’ हे उत्तर इतक्या वेळा ऐकले की पुढे कोणी विचारीनासे झाले. नंतर दुसरी पाळी बंद झाली, वीजबिल थकल्याने भट्टी थंड पडली आणि शेवटी गेटवर बँकेची नोटीस लागली. आमचा चार महिन्यांचा पगार थकलेला आहे. मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाल्याचेही कळले.

शेवटच्या आठवड्यात काही सहकाऱ्यांनी कार्बाईड इन्सर्टचे (यंत्रावर धातू कापणाऱ्या पात्यांचे) डबे, पितळी बुश आणि कार्यालयातील एक संगणक घरी नेला. आता मागच्या शेडमधील पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरून बनवतात ते नमुने) भंगारात घालून पैसे वाटून घ्यावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. मी काही नेलेले नाही, पण माझ्या पैशाने घेतलेले व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही मापनाची हत्यारे आत लॉकरमध्ये राहिले आहेत. घरात दिवाळीची उधारी अजून फिटायची आहे, त्यामुळे त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : उद्यमनगरचा जुना फोरमन

पॅटर्नला हात लावू नका, हे सर्वांत आधी सांगतो. आपल्याकडील बहुतेक फाउंड्रींत पॅटर्न आणि डाय ग्राहक कंपनीच्या मालकीचे असतात. आपण फक्त ते सांभाळतो. ज्या पॅटर्नला तयार करताना लाखो रुपये लागले, तो भंगारवाला निव्वळ वजनावर घेणार, आणि उद्या ग्राहक कंपनी आपले पॅटर्न मागायला आली की फिर्याद मालकाविरुद्ध न होता तुमच्या शॉपमधल्या पोरांविरुद्ध होईल. ज्याने पगार बुडवला त्याचे या व्यवहारात काहीच जात नाही.

इन्सर्टचे डबे नेणाऱ्यांचा राग मला समजतो. चार महिने घरी रिकाम्या हाताने जाणाऱ्या माणसाला समोरचा डबा दिसतोच. परंतु मी पाहिलेल्या प्रत्येक बंद कारखान्यात असेच घडले, की ज्यांनी वस्तू नेल्या ते पुढे हक्काच्या पैशासाठी तोंड वर करून बोलू शकले नाहीत, आणि मालकाच्या वकिलाला ‘कामगारांनीच माल लुटला’ म्हणायला आयते निमित्त मिळाले.

तुमच्या हत्यारांवर नाव कोरलेले असेलच. आपल्याकडचे टर्नर तेवढे करतातच. ती यादी, शक्य असल्यास खरेदीच्या पावत्या आणि लॉकरचा क्रमांक लेखी कळवा. जी वस्तू कंपनीची नाही, ती कंपनीच्या मालमत्तेत धरता येत नाही.

उत्तर : कामगार न्यायालयात वकिली करणारा

फोरमन साहेबांच्या म्हणण्यास कायद्याची जोड देतो. नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि ‘पगार थकला होता’ हा त्यावर बचाव ठरत नाही. शिवाय नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी सेवा संपुष्टात आणली गेल्यास ग्रॅच्युइटी जप्त करता येते. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात ही तरतूद होती आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. तुमचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये असेल, तर त्याचे २६ दिवसांच्या हिशेबाने १५ दिवसांचे ९,००० रुपये होतात आणि बारा वर्षांची ग्रॅच्युइटी १,०८,००० रुपये होते. इन्सर्टच्या डब्यासाठी एवढी रक्कम पणाला लावणे शहाणपणाचे नाही.

न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की कारभार संचालकांच्या हातून रिझोल्युशन प्रोफेशनलकडे (दिवाळखोरी प्रक्रियेसाठी नेमलेल्या व्यावसायिकाकडे) जातो आणि कंपनीकडून ज्यांचे येणे आहे त्यांच्यासाठी वृत्तपत्रांत जाहीर नोटीस निघते. त्या नोटिशीतील मुदतीत प्रत्येक कामगाराने नमुना ‘डी’ मध्ये आपला दावा भरावा, किंवा सर्वांच्या वतीने एका प्रतिनिधीने नमुना ‘ई’ मध्ये भरावा. याच काळात कंपनीविरुद्धचे इतर दावे व वसुली थांबते, म्हणून केवळ कामगार न्यायालयात जाऊन स्वस्थ बसणे पुरेसे नाही. कंपनी मोडीत काढून तिची मालमत्ता विक्रीस निघाली, तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ प्रमाणे प्रक्रियेचा खर्च वजा जाता, मागील २४ महिन्यांतील कामगारांची देणी आणि आपले तारण प्रक्रियेत सोडून देणाऱ्या बँकांची देणी एकाच पायरीवर येतात. कार्यालयीन कर्मचाऱ्यांना मात्र त्याखालच्या पायरीवर केवळ १२ महिन्यांचे वेतन आहे, आणि मला स्वतःला हा भेद अन्यायाचा वाटतो. भविष्य निर्वाह निधीतील, पेन्शन निधीतील व ग्रॅच्युइटी निधीतील कामगारांची देय रक्कम कलम ३६ नुसार विक्रीच्या मालमत्तेत धरलीच जात नाही.

कंपनीऐवजी भागीदारी संस्था किंवा एकट्याच्या मालकीचे वर्कशॉप असते, तर हा मार्ग नसता आणि थेट कामगार आयुक्त कार्यालय व कामगार न्यायालयच गाठावे लागले असते.

उत्तर : पगार विभागातील एक ताई

दादा, सर्वांनी कामगारांच्या डब्यांबद्दल लिहिले, म्हणून दुसरी बाजू सांगते. बंद पडण्यापूर्वी रात्रीच्या वेळी यंत्रे कोण हलवतो, संचालकांच्या नातेवाइकांच्या खात्यावर पैसे केव्हा जातात, हे आम्हा पगारवाल्यांना आणि वॉचमनला आधी कळते. असे काही तुमच्या कोणी पाहिले असेल, तर तारीख आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा आणि रिझोल्युशन प्रोफेशनलला लेखी द्या. कारण दिवाळखोरीपूर्वी केलेले असे व्यवहार रद्द करून घेण्याची तरतूद दिवाळखोरी संहितेत आहे आणि परत आलेला पैसा सर्वांच्या वाट्यात येतो.

घरी न्यायचेच असेल तर तुमचे कागद न्या. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, ओळखपत्र, ओव्हरटाइमच्या नोंदी आणि बँकेचे पासबुक हाताशी ठेवा. दावा तपासताना कंपनीचे मस्टर (हजेरीपट) सापडले नाही, तर हेच पुरावे उपयोगी पडतात. यूएएन क्रमांकावरून (भविष्य निधीच्या तुमच्या कायमच्या खाते क्रमांकावरून) भविष्य निधीचे पासबुक आजच पाहा. पगारातून वर्गणी कापली आणि भरली नाही, असे दिसले तर ती साधी थकबाकी नाही, विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. लगेच भविष्य निधी कार्यालयात तक्रार करा. आणि पैशाच्या तंगीत पेन्शनची रक्कम काढून मोकळे होऊ नका; दहा वर्षांची सदस्यता पूर्ण असेल तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते.

ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) कार्ड असेल तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी करा. कारखाना बंद पडल्याने काम गेलेल्या पात्र विमाधारकाला पहिले १२ महिने सरासरी रोजंदारीच्या ५० टक्के आणि पुढील १२ महिने २५ टक्के भत्ता मिळतो, शिवाय औषधोपचारही सुरू राहतात. आमच्याकडील अनेकांनी ही योजना ऐकलेलीच नव्हती.

प्रश्नकर्ता : शिरोलीचा टर्नर

सर्वांचे आभार. पॅटर्नचा विषय मी उद्या बैठकीत बंद करतो. एक विचारायचे राहिले : फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, ठेकेदाराकडून आलेली मुले आहेत, ठेकेदाराचा फोन लागत नाही. त्यांचे काय?

उत्तर : कामगार न्यायालयात वकिली करणारा

ठेकेदाराने वेतन न दिल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्या कंपनीत ते काम करतात तिच्यावर, येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हेच होते आणि नव्या कामगार संहितांतही हे तत्त्व कायम आहे. म्हणून त्यांचाही दावा याच मुदतीत दाखल करा. गेटच्या नोंदवहीत त्यांची नावे असतील, तर तिची प्रत मिळवण्याची विनंती रिझोल्युशन प्रोफेशनलकडे आताच लेखी करा. एकदा आवाराला सील लागले की ती वही शोधायला कोणी आत सोडणार नाही.