मदत हवी आहे: सेल्सच्या मीटिंगा ठरवायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? (नाशिक, छोटी कंपनी)

पाथर्डी_फाटा:

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमचं अंबड एमआयडीसीत छोटं युनिट आहे, कन्व्हेयर, ट्रॉल्या, रॅक असलं मटेरियल हँडलिंगचं काम करतो. शॉप फ्लोअर दीर बघतात, हिशेब सासऱ्यांकडे आणि सेल्स-मार्केटिंग माझ्या गळ्यात. फिरायला दोन मुलं आहेत, एकाकडे सिन्नर-मुसळगाव-गोंदे, दुसऱ्याकडे सातपूर-दिंडोरी (हे कागदावर, प्रत्यक्षात ज्याच्या गाडीत पेट्रोल तो जातो) आणि एक डिझाईन इंजिनिअर आहे. कस्टमरला ड्रॉइंग समजावायचं, लेआउटची मापं घ्यायची तर हा इंजिनिअर लागतोच, त्यामुळे तो सगळ्यांना एकाच वेळी हवा असतो.

सध्या मीटिंग ठरते ती अशी, की कोणाचा तरी फोन येतो, मुलगा ग्रुपवर टाकतो "उद्या ११ मुसळगाव कन्फर्म", त्यावर कोणीतरी डिस्पॅचचे चार फोटो टाकतं, मग सासऱ्यांचा गुड मॉर्निंगचा गुलाब, आणि ती मीटिंग गेली वर. शिवाय ऑफिसात भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलेलं असतं ते वेगळंच. परवा चाकणची एक पार्टी ट्रॉलीचं सॅम्पल बघायला स्वतः गाडी काढून आली आणि आमचा इंजिनिअर त्या वेळी दिंडोरीला कोणाच्या तरी शेडमध्ये टेप घेऊन उकिडवा बसलेला. पार्टीने चहा घेतला, सॅम्पल हलवून बघितलं, "कळवतो" म्हणाले आणि गेले. कळवतो म्हणजे काय ते सांगायला नको.

तर आता सॉफ्टवेअर घ्यायचंच असं ठरवलंय. कॅलेंडली, झोहो बुकिंग्ज, गुगल कॅलेंडरमधलं अपॉइंटमेंट शेड्यूल, कॅल डॉट कॉम, मायक्रोसॉफ्ट बुकिंग्ज एवढी नावं बघून झालीत. पण जो व्हिडिओ बघावा त्यात झूम कॉलचाच डेमो, अर्धा तास संपला की पुढचा अर्धा तास, माणूस खुर्चीतून उठतच नाही. आमचं तसं नाही ना. दिंडोरीची मीटिंग १२ ला संपली आणि सॉफ्टवेअरने साडेबाराला सिन्नर देऊन टाकलं तर मुलगा तेव्हा द्वारका चौकात हॉर्न वाजवत बसलेला असणार.

मला हवंय ते असं: प्रवासाचा वेळ धरता आला पाहिजे, इंजिनिअर एकच आहे हे त्याला कळलं पाहिजे, ऑनलाईन चौकशी आली की दोघांपैकी जो मोकळा त्याच्याकडे आपोआप गेली पाहिजे आणि आठवण व्हॉट्सॅपवर गेली पाहिजे कारण मेल आमच्याकडे कोणी उघडत नाही. दुबईची एक-दोन गिऱ्हाइकं आहेत, त्यांच्याशी वेळेचा घोळ होतो, तोही सुटला तर बरं. बजेट विचाराल तर सासरे अजून "फुकटात होत नाही का" इथेच आहेत, मी त्यांना माणशी महिना तीन-चारशेपर्यंत पटवू शकेन. कंपनीचा मेल होस्टिंगवाल्याचा साधा आहे, मुलं स्वतःचं जीमेल वापरतात.

कोणी खरंच वापरलंय का? प्लीज अनुभव सांगा. "एआय चॅटबॉट लावा" सांगणाऱ्यांना आधीच हात जोडते.

सातपूरचा_बाळ्या:

एक्सेल शीट शेअर करा, विषय संपला. आम्ही तेच करतो.

पाथर्डी_फाटा:

दादा ते पण करून झालं. मोबाईलवर उघडून मुलं कुठल्या रकान्यात काय लिहायची ते एक त्यांना नाहीतर देवाला माहीत.

कॉलेजरोड_कोडर:

ताई, सॉफ्टवेअरचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. ही सगळी आतून एकच काम करतात, कॅलेंडरमध्ये माणूस कुठे बिझी आहे ते वाचायचं आणि उरलेला वेळ लिंकवर दाखवायचा, गिऱ्हाइकाने लिंक उघडून त्यातली वेळ निवडायची. त्यामुळे तिघांची कॅलेंडरं खरी नसतील तर कितीही महागातलं घ्या, ते चुकीचाच स्लॉट दाखवणार. आधी तिघांनाही सवय लावा, फोन ठेवला की पहिली नोंद गुगल कॅलेंडरमध्ये, ग्रुपवर नंतर. ही सवय लागली तर तुमचं अर्धं काम फुकटातच झालं.

प्रवासाच्या वेळेचं म्हणाल तर बफर नावाची सेटिंग सगळ्यांत असते, मीटिंगच्या आधी-नंतर ठरलेली मिनिटं रिकामी सोडायची. पण बफरला सिन्नर कुठे आणि दिंडोरी कुठे हे कळत नाही, समोर कुठलीही मीटिंग असो, तो तेवढाच. म्हणून भाग वाटून घ्या आणि प्रत्येक भागाचा वेगळा इव्हेंट टाईप करा, म्हणजे "सिन्नर भेट" फक्त मंगळ-शुक्र, "दिंडोरी भेट" सोम-गुरू, "ऑनलाईन कॉल" रोज दुपारी ३ नंतर. एका दिवशी एकच दिशा. मग पाऊण तासाचा बफर पुरतो आणि द्वारकेला जायची वेळच येत नाही. भेटीसाठी "किमान एक दिवस आधी बुक करा" आणि "दिवसाला जास्तीत जास्त तीन" या दोन सेटिंग विसरू नका, नाहीतर कोणीतरी सकाळी ९ ला १० ची भेट बुक करतं.

फुकट प्लॅन कुठे अडतो ते इथेच कळतं. कॅलेंडलीच्या फुकट प्लॅनमध्ये एकच इव्हेंट टाईप चालू ठेवता येतो. साध्या जीमेलवर गुगलचं बुकिंग पेजही एकच मिळतं. कॅल डॉट कॉमवर एकट्या माणसाला फुकटात हवे तेवढे करता येतात. स्वतःच्या सर्व्हरवर टाकायची आवृत्तीही आहे, पण तुम्ही त्या भानगडीत पडू नका, सर्व्हर रविवारीच बंद पडतो आणि रविवारी मी फोन उचलत नाही.

आता "जो मोकळा त्याच्याकडे" याला राउंड रॉबिन म्हणतात. सेल्सचा मुलगा आणि इंजिनिअर दोघंही मोकळे असतील तेवढेच स्लॉट दाखवायचे ते कलेक्टिव्ह. तुमचं खरं दुखणं हे दुसरं आहे, आणि विकणारे डेमोत दाखवतात राउंड रॉबिन, कारण ते दिसायला भारी दिसतं. तुम्ही कलेक्टिव्हच दाखवायला सांगा. ही दोन्ही टीमची फीचर्स, बहुतेक ठिकाणी पैसे भरल्याशिवाय मिळत नाहीत. कंपनीचा मेल तसाही बदलायचा असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ बघा, बिझनेस स्टँडर्डमध्ये बुकिंग्ज आतच येतं.

दुबई सोपं आहे. ते आपल्यापेक्षा दीड तास मागे आहेत आणि तिथे घड्याळ वर्षभर तेच राहतं. तुमच्या अकाउंटचा टाईमझोन कोलकाता (म्हणजे भारताची वेळ) ठेवा, लिंक उघडणाऱ्याला त्याच्याकडची वेळ आपोआप दिसते. जर्मनी वगैरे सुरू झालं की मात्र उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार, तिथे तोंडी वेळ ठरवायच्या फंदात पडूच नका.

जुना_पर्चेसवाला:

मी सातपूरला एका मोठ्या कंपनीत पर्चेसला होतो, आता निवृत्त. टेबलाच्या पलीकडून दोन गोष्टी सांगतो.

व्हेंडरने लिंक पाठवली आणि म्हणाला साहेब यातून वेळ निवडा, तर मी ती उघडलीच नसती. माल विकायला येणार तू, आणि फॉर्म मी भरू? शिवाय अनोळखी लिंक उघडू नका म्हणून आयटीवाले सारखे मेल टाकतात ते वेगळंच. पण हेच जर मला घाई असती, लाईन थांबलेली असती आणि मीच तुमच्या वेबसाईटवर आलो असतो, तर रात्री दहालासुद्धा लिंकवरून सकाळची वेळ घेतली असती. त्यामुळे लिंक कोणाला द्यायची ते नीट ठरवा. जो तुमच्याकडे येतोय त्याला द्या, ज्याच्या दारात तुम्ही जाताय त्याला फोनच करा.

दुसरं, सकाळी साडेदहापर्यंत कोणालाही भेट मागू नका, प्रॉडक्शनची मीटिंग चालू असते. महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस डिस्पॅचचे, तेही नकोत. साप्ताहिक सुट्टी सगळ्या कंपन्यांची एक नसते, ती विचारून कस्टमरच्या नावापुढे लिहून ठेवा. पितृपक्षात ऑर्डर कोणी फायनल करत नाही पण लोक निवांत असतात, तेव्हा ड्रॉइंग पटवून ठेवा, दसऱ्याला पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) मिळते. तुमच्या त्या सॉफ्टवेअरला पंचांग येत नसेल तर हाताने टाका.

आणि गेट! तुमचा मुलगा ११ ची वेळ घेऊन ११ ला गेटवर येतो. मग सिक्युरिटीच्या केबिनमध्ये रजिस्टर, फोटो, लॅपटॉपचा सीरियल नंबर, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, सेफ्टी शूज घातलेत का, नसले तर आमच्याकडचे दोन साईज मोठे घालून फटक फटक करत येणार. माझ्यासमोर पोचतो साडेअकराला आणि साडेअकराला माझ्याकडे दुसरा व्हेंडर. म्हणून बुकिंगच्या नोंदीत गेट नंबर, कोणाला भेटायचं, गाडी नंबर, व्हिजिटर पास आधी काढावा लागतो का, एवढं असलंच पाहिजे.

पाथर्डी_फाटा:

काका, दंडवत. हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. म्हणजे मी जे एकच सॉफ्टवेअर शोधत होते ती दोन वेगळी कामं आहेत तर, बाहेरच्या चौकशांना लिंक आणि एमआयडीसीच्या भेटींना आपलं आतलं कॅलेंडर, ज्यात फोन झाला की आमच्याच मुलाने बुकिंग टाकायचं. शूजचं वाचून आमचा सातपूरवाला म्हणाला हे नक्की आपलेच कोणीतरी आहेत :)

कोडरदादा, व्हॉट्सॅपचं काय ते राहिलं.

कॉलेजरोड_कोडर:

हो, ते मुद्दामच ठेवलं होतं, जरा किचकट आहे. एसएमएसने आठवण पाठवायची तर भारतात डीएलटी नोंदणी लागते, कंपनी, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मेसेजचा नमुना, तिन्ही गोष्टी टेलिकॉम कंपनीच्या पोर्टलवर नोंदवायच्या, टेलिकॉम नियामक ट्रायचा २०१८ चा नियम. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये एसएमएसचं बटण दिसतं म्हणून मेसेज पोचेलच असं धरून चालू नका, ट्रायलमध्ये स्वतःच्या नंबरवर पाठवून बघा. व्हॉट्सॅपवर आपोआप पाठवायचं तर बिझनेस एपीआय (सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवायची जोडणी) घ्या, टेम्प्लेट म्हणजे मेसेजचा नमुना मंजूर करून घ्या, आणि १ जुलै २०२५ पासून टेम्प्लेटला मेसेजमागे पैसे. आठवणीचं टेम्प्लेट युटिलिटी प्रकारात टाका आणि त्यात ऑफर-बिफर घुसडू नका, मग ते मार्केटिंगमध्ये धरतात आणि ते महाग. पण खरं सांगू का, तुमच्या दिवसाला पाच-सहा भेटी असणार, त्यांच्यासाठी साधं व्हॉट्सॅप बिझनेस ॲप आणि त्यात क्विक रिप्लाय (आधी लिहून ठेवलेला मेसेज) भरपूर झालं. आदल्या संध्याकाळी मुलाने दोन मिनिटांत पाठवायचं.

हिशोब_चोख:

पैशाच्या बाजूने थोडं. परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं तर बिल डॉलरमध्ये, वर कार्डाचा करन्सी चार्ज. जीएसटी नंबर दिला की ते टॅक्स लावत नाहीत, पण मग रिव्हर्स चार्जने १८ टक्के तुम्हाला भरावा लागतो. क्रेडिट मिळतं, तरी दर महिन्याला ती नोंद करायची आठवण सासऱ्यांना कोण करणार? ऑटो डेबिटचंही बघा, रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या (आपोआप पैसे कापायच्या परवानगीच्या) नियमात न बसणारा व्यवहार बँक परतवते आणि महिन्याच्या मध्येच प्लॅन बंद पडतो. झोहोचं बिल रुपयात आणि जीएसटीसकट येतं, माझ्या मते छोट्या कंपनीला हा मुद्दा फीचरपेक्षा मोठा आहे. परदेशीच घ्यायचं तर वर्षाचे एकदम भरा, पण ट्रायल पूर्ण वापरल्यावर.

रामकुंड_कट्टा:

सगळे शहाणे जमलेत पण सिंहस्थ कोणालाच आठवला नाही? २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान आहे, सोमवती अमावस्या. त्याच्या आगेमागे शहर ओलांडून कोणी तुमच्याकडे येऊ शकणार नाही आणि तुम्हीही कुठे जाऊ शकणार नाही. पर्वण्यांच्या तारखा आत्ताच ब्लॉक करून टाका.

सातपूरचा_बाळ्या:

एक्सेलमध्ये त्या तारखा लाल रंगाने करता येतात. नुसतं सांगतोय.

पाथर्डी_फाटा:

बाळ्यादादा :)

सगळ्यांचे आभार. आज रात्री जेवताना विषय काढला. आत्ता असं ठरलंय की तिघांची गुगल कॅलेंडरं एकमेकांना दिसतील अशी करायची, इंजिनिअरच्या कॅलेंडरमध्ये नोंद फक्त मी किंवा दीर टाकणार, मुलांनी परस्पर कोणाला त्याची वेळ कबूल करायची नाही. वेबसाईटवर आणि दुबईवाल्यांना कॅल डॉट कॉमची फुकट लिंक, फक्त ऑनलाईन कॉलसाठी, दुपारी ३ नंतर. हे रुळलं तर झोहोचं ट्रायल घेऊन त्यात दोघांचा मिळून स्लॉट कसा निघतो ते बघणार. बिल रुपयात येतं म्हटल्यावर सासऱ्यांचा चेहरा जरा सैल पडला. भिंतीवरचं कॅलेंडर काढायला मात्र त्यांनी साफ नकार दिलाय, राहू दे.

एकच शेवटचं. आमच्या बऱ्याच कस्टमरांकडे आउटलुक आहे. मुलाने गुगल कॅलेंडरमध्ये भेट टाकून त्यांचा मेल आयडी गेस्ट म्हणून घातला तर त्यांना ती नीट दिसते का?

कॉलेजरोड_कोडर:

दिसते. इन्व्हाईट जातं, त्यांनी ॲक्सेप्ट केलं की त्यांच्या आउटलुक कॅलेंडरमध्ये बसतं आणि तुमच्याकडे नावापुढे बरोबरची खूण येते. फक्त नोंदीत "डिस्काउंट १२ टक्क्यांपर्यंत चालेल" असलं काही लिहू नका, वर्णनात जे लिहाल ते समोरच्यालाही दिसतं.