मदत हवी आहे: 2012 ची वॅगन आर 80,000 रुपयांत मिळते आहे, दुरुस्ती करून घ्यावी का?

खानापूरकर
नमस्कार. नमनाला घडाभर तेल नको म्हणून थेट विषयावर येतो. ओळखीतल्या एका गृहस्थांमार्फत 2012 ची वॅगन आर एलएक्सआय 80,000 रुपयांना मिळते आहे. गाडीचे थोडे काम आहे आणि आमच्या गावातल्या मिस्त्रींनी ते तीस-पस्तीस हजारांत होईल असे सांगितले आहे. अशाच पण चालू स्थितीतल्या गाडीला इकडे दीड लाखाच्या आसपास मागतात, म्हणजे सगळे काम करूनही पस्तीस-चाळीस हजार वाचतात असा माझा हिशेब आहे. कागदपत्रे व्यवस्थित आहेत. दुसरे एक गिऱ्हाईक टोकन द्यायला तयार असल्याने मालक रविवारपर्यंतच थांबणार आहेत. घ्यावी की नाही एवढेच सांगावे. नवी गाडी घ्या असे कृपया कोणी सांगू नये, आणि चार आण्याच्या कोंबडीची म्हणही मला पाठ आहे.

शांत_सरोवर
तुम्ही नको म्हटले आहे तरीही सांगतो, कारण हे कोणीतरी सांगायलाच हवे. एक लाख पंधरा हजार जुन्या गाडीत घालण्याऐवजी तेवढेच पैसे नव्या छोट्या गाडीचे डाउन पेमेंट म्हणून भरले, तर उरलेली रक्कम सात वर्षांच्या हप्त्यांत फिटते, वॉरंटी मिळते आणि मिस्त्रीचे तोंड बघावे लागत नाही. आमच्या घरी आम्ही हेच केले आणि सगळे सुखी आहोत.

लेथवाला
शांत_सरोवर, धागाकर्त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर नाही. खानापूरकर, थोडे काम म्हणजे नेमके कोणते काम? मिस्त्रींनी गाडी चालवून पाहिली की उभ्या उभ्या बघून आकडा सांगितला? गाडी किती किलोमीटर चालली आहे आणि मालक कितवे आहेत? एवढे कळल्याशिवाय कोणीही हो किंवा नाही म्हटले तर ते अंदाजपंचे असेल.

खानापूरकर
रेडिएटर, क्लच प्लेट, पुढचे दोन शॉकअप आणि दोन टायर एवढेच काम आहे. मीटरवर 94,000 किलोमीटर दिसतात. आताचे मालक दुसरे आहेत. गाडी थोडी गरम होते, पण ती रेडिएटरमुळेच होते असे मिस्त्री म्हणाले आणि ते आमचे नेहमीचे माणूस आहेत. मला वाटते माझा प्रश्न पुरेसा स्पष्ट होता.

लेथवाला
क्लच, शॉकअप आणि टायर यांची मला चिंता वाटत नाही. ते भाग झिजणारच असतात, त्यांची किंमत कोणत्याही दुकानात विचारता येते आणि एकदा बदलले की काही वर्षे तिकडे बघावे लागत नाही. चिंता गाडी गरम होण्याची आहे. तुमच्या गाडीत 998 सीसीचे तीन सिलिंडरचे के10 इंजिन आहे आणि त्याचे हेड (सिलिंडरवर बसणारा वरचा भाग) व ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. असे इंजिन एकदा जोरात तापले की हेड वाकते आणि त्या दोघांमधली गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी पट्टी, जाते. त्यानंतर सिलिंडरमधला वायूच पाण्यात शिरू लागतो, त्यामुळे रेडिएटर कोरा करकरीत बसवला तरी गाडी तापायची थांबत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फेसिंगसाठी, म्हणजे वाकलेला पृष्ठभाग सपाट करून घेण्यासाठी, येणारी हेडे मी रोज हाताळतो, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा रेडिएटर आधीच बदलून झालेला असतो.

ही तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना सकाळी जा आणि बॉनेट उघडून इंजिन पूर्ण थंड असल्याची हात लावून खात्री करा. ते कोमट जरी लागले तरी रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, कारण आतले उकळते पाणी अंगावर येते. झाकण काढल्यावर आत रंगीत कूलंट आहे की बोअरचे तांबूस पाणी आहे हे बघा, कारण अनेक वर्षे साधे पाणी भरलेल्या गाडीचे आतले मार्ग क्षारांनी भरलेले असतात. मग झाकण न लावताच इंजिन चालू करायला सांगा. सुरुवातीचे चार बुडबुडे सोडून द्या, पण ते सतत येत राहिले आणि रेस दिल्यावर वाढले तर गॅस्केट गेली असे समजा. इंजिन ऑइलचे झाकण काढून त्याच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. बोटाला दुधाळ साय लागली तर ऑइलमध्ये पाणी शिरले असण्याची दाट शक्यता आहे. त्यानंतर झाकणे लावून, एसी चालू ठेवून गाडी चांगली गरम होईपर्यंत उभी चालवा आणि पंखा आपोआप सुरू होऊन पुन्हा थांबतो का ते पाहा. बिघाड फक्त रेडिएटरचा निघाला तर चार-पाच हजारांत सुटाल, हेड उघडावे लागले तर आमच्याकडे पंधरा ते वीस हजार होतात, आणि ब्लॉकपर्यंत गेले तर या गाडीत पैसे घालण्यात अर्थ नाही.

हायवे_सम्राट
एवढे पुराण कशासाठी? इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारा थर्मोस्टॅट वॉल्व काढून टाकावा, गाडी गरम व्हायची थांबते. आपल्याकडच्या हवेत त्याची गरजच नाही, तो थंड देशांसाठी असतो. मी माझ्या प्रत्येक गाडीचा पहिल्याच सर्व्हिसिंगला काढून टाकतो आणि आजवर काही बिघडलेले नाही.

लेथवाला
सम्राट, हे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असे झाले. थर्मोस्टॅट काढला की इंजिन ठरलेल्या तापमानाला वेळेवर पोहोचत नाही, पेट्रोल जास्त जाते, आतली झीज वाढते, आणि मूळ बिघाड मात्र जागेवरच राहून काही महिने झाकला जातो. जुनी गाडी विकण्यापूर्वी ही युक्ती सर्रास केली जाते. त्यामुळे खानापूरकर, गाडीत थर्मोस्टॅट जागेवर आहे का हेही उघडून बघायला सांगा.

हायवे_सम्राट
पुस्तकी ज्ञान आणि रस्त्यावरचा अनुभव यांत फरक असतो, एवढेच म्हणेन.

कागदपत्रे_आधी
इंजिनाचे जाणकार इंजिन बघतील, मी कागदांचे विचारतो. व्यवस्थित आहेत म्हणजे काय? आरसी स्मार्ट कार्ड समोर आहे की त्याचा मोबाइलवरचा फोटो? नोंदणीचा महिना कोणता? आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे ही 2027 मध्ये संपेल; त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाले आहे, पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो, आणि उशीर झाल्यास दर महिन्याला 500 रुपये वाढतात. तुमच्या पस्तीस-चाळीस हजारांच्या बचतीत हे कुठेही धरलेले दिसत नाही. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असल्याने तिला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागते. ती बसवली आहे का?

एक_वाचक
पंधरा वर्षे झाली की सरकार गाडी भंगारातच काढते, मग नूतनीकरण कसले? माझ्या दिल्लीच्या मेहुण्यांची उत्तम स्थितीतली गाडी अशीच गेली.

कागदपत्रे_आधी
तो नियम दिल्ली आणि राजधानी परिसरासाठी आहे. तिथे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेली. महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत योग्य ठरली तर पुढे वापरता येते. सरकारी मालकीच्या गाड्यांचे वेगळे आहे, त्यांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर 1 एप्रिल 2023 पासून पुढे चालू ठेवली जात नाही. कृपया धागाकर्त्यांना नाहक घाबरवू नका.

मांडवीतीर
आमच्या गोव्यात जुन्या गाड्या पुष्कळ मिळतात आणि बऱ्याचशा घरगुती वापराच्या असतात. पणजी-म्हापशाकडे एकदा चक्कर मारून पाहावी. मात्र तिथून महाराष्ट्रात आणताना आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) घ्यावी लागते आणि इथला रस्ता कर नव्याने भरावा लागतो.

खानापूरकर
मला गोव्याहून गाडी आणायची नाही. रविवार जवळ येतो आहे आणि चर्चा दिल्ली-गोवा करत फिरते आहे. आरसी मूळ आहे, नोंदणी मार्च महिन्यातली आहे, बोजाचे विचारून सांगतो. गाडी पहिल्यापासून सांगलीतच आहे.

कृष्णाकाठची
सांगलीत म्हणजे कोणत्या भागात? मी सांगलीचीच आहे म्हणून विचारते. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये गावभाग, मारुती चौक या बाजूला किती पाणी चढले होते हे आम्ही पाहिले आहे. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून, नवी सीट कव्हरे घालून बाहेरगावी विकल्या गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा, कारण आतल्या गुंडाळीतला गाळाचा पट्टा कोणी धूत नाही. समोरच्या सीटखालचे रूळ, त्यांचे बोल्ट आणि स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ यांवर गंज किंवा मऊ चिखलाचा थर आहे का ते पाहा. बाकी सगळे चकाचक असून नेमके तिथेच गंजलेले दिसले, तर गाडी पाण्यात गेली होती असे मी मानेन. आणखी एक विचारते: ही गाडी तुम्हाला कशासाठी हवी आहे? रोज चालवणार की सणासुदीला?

खानापूरकर
मालक गावभागातले आहेत. वडिलांना आठवड्यातून दोनदा विट्याहून मिरजेला डायलिसिससाठी न्यावे लागते. सध्या भाड्याच्या गाडीने नेतो आणि महिन्याचे पंधरा-सोळा हजार त्यातच जातात. म्हणून घाई आहे.

कृष्णाकाठची
अहो, हे पहिल्याच ओळीत सांगायला हवे होते. डायलिसिसहून परतणारा माणूस थकलेला असतो आणि बऱ्याचदा त्याचा रक्तदाब उतरलेला असतो. मे महिन्याच्या उन्हात तासगावच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली, तर तुम्ही त्यांना रस्त्याच्या कडेला कुठे बसवणार? क्लच वाजत असला, रंग उडालेला असला, एका बाजूचे दार चेपलेले असले तरी चालेल. पण गरम होणारी गाडी या कामासाठी नको, मग ती 80,000 ची असो की 50,000 ची.

शांत_सरोवर
म्हणूनच मी म्हणत होतो.

लेथवाला
मी कृष्णाकाठच्या ताईंशी सहमत आहे, फक्त एक सवलत देतो. हेड उघडून, फेसिंग करून, नवी गॅस्केट घालून पुढचे दोन-तीन आठवडे मोकळी फिरवून बघितलेली गाडी मी विश्वासाने वापरीन. मात्र तेवढे दिवस भाड्याची गाडी सुरूच राहील, म्हणजे तेही सात ते अकरा हजार तुमच्या हिशेबात धरा. आणि तुमच्या नेहमीच्या मिस्त्रींना जे काम मिळणार आहे त्याचा आकडा तेच सांगत आहेत, म्हणून तपासणीला माणूस दुसरा न्या. त्याला पाचशे रुपये द्यावे लागले तरी हरकत नाही.

खानापूरकर
काल सकाळी तासगावच्या एका मेकॅनिकला घेऊन सांगलीला जाऊन आलो. सीटबेल्ट आणि सीटचे रूळ स्वच्छ निघाले, त्यामुळे पाण्यातली गाडी वाटत नाही असे तेही म्हणाले. रेडिएटरमध्ये कूलंटचा मागमूस नव्हता, तपकिरी पाणी होते. इंजिन सुरू केल्यावर बुडबुडे थांबले नाहीत आणि रेस दिल्यावर पाणी झाकणाच्या तोंडातून बाहेर उडाले. हाउसिंग उघडल्यावर थर्मोस्टॅट जागेवर नव्हता. कर्ज फिटले आहे असे मालक म्हणतात, परंतु आरसीवर बँकेचे नाव अजून आहे आणि बँकेची एनओसी त्यांना सापडत नाही. हे सगळे समोर मांडल्यावर त्यांनी किंमत 62,000 केली. आता काय करावे?

हायवे_सम्राट
62,000 ला डोळे मिटून घ्या. एवढ्या पैशांत आज चांगली दुचाकीसुद्धा येत नाही.

कागदपत्रे_आधी
डोळे उघडे ठेवूनच सांगतो. बोजा उतरल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर होणार नाही. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 ही मालकांची जबाबदारी आहे, त्यानंतर गाडी नावावर करण्याचे 29 आणि 30 हे फॉर्म येतात. तोवर पूर्ण पैसे देऊन गाडी नेली, तर ती तुमच्या दारात आणि त्यांच्या नावावर राहील. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे, हे मालकांनाही ऐकवा. मग एनओसी लवकर सापडेल. विमाही चौदा दिवसांच्या आत नावावर करून घ्यावा लागतो, आणि त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सवलत, तुम्हाला मिळत नाही.

लेथवाला
मालकांना एकच विचारा: हेड उघडण्याचा खर्च मी करतो, ब्लॉक खराब निघाला तर व्यवहार रद्द करून टोकन परत द्याल का, आणि हे कागदावर लिहून द्याल का? ते हो म्हणाले तर बोलणी पुढे न्या.

खानापूरकर
विचारले. गाडी आहे तशी घ्यायची असेल तर घ्या, उघडायची नाही, असे उत्तर आले. मी नको म्हणून कळवले आहे. आज तासगावमध्येच एक 2014 ची वॅगन आर कळली आहे, 1,35,000 सांगतात, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी आहेत, मात्र तिला सीएनजी किट नंतर बसवलेले आहे. चालेल का?

कागदपत्रे_आधी
किटची नोंद आरसीवर आहे का, आणि टाकीची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) शेवटची कधी झाली? टाकीवरच्या पट्टीवर तारीख असते. विम्यातही सीएनजीचा उल्लेख हवा.

लेथवाला
आणि मालकांना आदल्या दिवशी फोन करून सांगा की सकाळी तुम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नका. इंजिन गरम करून ठेवलेले आढळले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.