आईची नाडी घरी मोजायला काय घ्यावं? बजेट १५००

खानापूरकर: आई ५८ वर्षांची. वजन उतरलंय, हात थरथरतात, बसल्या जागी धडधडतंय. थायरॉइड वाढलंय: तपासणीत टीएसएच तळाला, टी३-टी४ वर. कार्बिमाझोल (थायरॉइड कमी करायला), प्रोप्रॅनोलॉल (धडधड कमी करायला) चालू झालंय. रोज नाडी लिहून आणा म्हणालेत. काय घेऊ?

टिळकवाडीचा_बाळू: ईसीजीवालं स्मार्टवॉच घ्या की. माझं ३२ हजाराचं, झोपपण मोजतंय.

शहापूरची_सून: पंधराशे लिहिलंय की वो वर! आणि थायरॉइडला वजन वाढतंय ना? माझं तर वाढलं.

निपाणीकर: वहिनी, तुमचं कमी असणार. यांचं जास्त आहे. हार्मोन वाढलं की हृदय झोपेतसुद्धा पळतंय. वरचे कप्पे नुसते थरथरायला लागले की ठोक्यांची लय जाते, तिथं गुठळी होऊन मेंदूत गेली तर लकवा. आमच्या बाबांचे ईसीजीच काढत बसले, टीएसएच उशिरा बघितलं. आकड्याबरोबर लयपण बघा.

अनगोळचे_अण्णा: मिरजेला न्या सरळ.

शहापूरची_सून: बेळगावात काय कमी आहे? गोव्याची माणसं येतात इथं.

अनगोळचे_अण्णा: बरं. ऑक्सिमीटर घ्या मग. करोनातला माझा पडून आहे.

चिकोडीकर: बीपी मशीन घ्या. ठोके चुकले की खूण दाखवतंय.

निपाणीकर: लय बिघडली की त्याचे बीपीचे आकडेच भरवशाचे नसतात. एकदा मोजून सोडू नका, दोन-तीनदा मोजा.

शहापूरची_सून: थायरॉइडला कोबी चालत नाही म्हणतात, बंद केलाय का?

सिस्टर_खानापूर: कोबी राहू दे. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉलबद्दल आजच डॉक्टरांशी बोला. ती गोळी मनानं बंदपण करायची नाही. कार्बिमाझोलवर ताप आला, घसा दुखला तर मात्र कार्बिमाझोल थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासा. नाडी बोटांनी, पूर्ण मिनिटभर. धाप लागली, छातीत दुखलं तर मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

टिळकवाडीचा_बाळू: सेलमध्ये घड्याळ २८ हजाराला मिळतंय बघा.

खानापूरकर: दमा नाही. घड्याळाला आई नको म्हणते, बांगड्या काढायच्या नाहीत. मशीनवर तिचा विश्वास नाही. ७०० चा स्टेथोस्कोप आणला. छातीला लावला की तिला बरं वाटतंय.

सिस्टर_खानापूर: चालतंय. लय बिघडलेली असली तर सगळे ठोके मनगटापर्यंत पोचत नाहीत, छातीवरचेच खरे. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर एकदा मोजून दाखवा.

टिळकवाडीचा_बाळू: ब्लूटूथवाला घेतला काय?