टाकी मागे न्यायची आहे, मग सायलेन्सर कुठून काढू? (मदत हवी आहे)

घाटमाथा
नमस्कार मंडळी. गाडीची बॉडी उतरवलीय, चासी (खालचा सांगाडा) उघडी पडलीय, तेवढ्यात एक काम उरकून घ्यायचंय. ड्रायव्हर सीटखालची इंधनाची टाकी काढून मागे, एक्सलच्या पलीकडे, चासीच्या दोन रेल्सच्या मध्ये बसवायची. टाकी नवीन बनवून घेणार, पत्रा आणून ठेवलाय. अडचण एवढीच, की सायलेन्सरचा पाइप नेमका तिथूनच जातो. फिटर म्हणतो, मागच्या चाकाच्या आधीच बाजूला काढून मोकळे होऊ. वेल्डर रविवारी येतोय, तो हुकला तर दिवाळीपर्यंत हाती लागायचा नाही. तेव्हा पाइप कुठून काढू ते लवकर सांगा. "करूच नका" हे सांगायला कृपया कोणी येऊ नये.

चिखल्या
बाजूलाच काढा, डोळे झाकून. माझ्या जिप्सीला कधीपासून तसाच आहे. पाइप मागे ठेवला की नाल्यातून वर चढताना पहिला तोच आपटतो, तोंड चेपतं आणि गाडी गुदमरते. वर पाइप आखूड झाल्याने आवाजही मस्त येतो.

पाना_तेरा
गाडी कोणती? पेट्रोल की डिझेल? टप कापडी की पत्र्याचा? पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) मूळचे की गाडी उचललेली आहे? यातलं काहीच सांगितलेलं नाही आणि उत्तर मात्र रविवारच्या आत हवंय.

घाटमाथा
जीप आहे. सीटखाली टाकी म्हटल्यावर कळायला हवं होतं.

पाना_तेरा
महिंद्र १९४७ पासून जीप जोडतेय. त्यातली कोणती?

घाटमाथा
सीजे ३४०. कापडी टप. पाटे मूळचेच, दोन वाढवलेत.

वडापवाला
सीजे म्हटलं की आमच्या कराड-पाटणची वडाप (शेअर जीप) आठवते. ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला एक माणूस, डाव्या अंगाला तीन, आणि ड्रायव्हर निम्मा बाहेर. टाकीवर दोघं बसलेले असायचे आणि डिझेल भरायचं म्हटलं की पंपावर दोघांनाही उठावं लागायचं. ती टाकी तिथेच बरी होती हो, उगाच मागं कशाला न्यायची?

घाटमाथा
"करूच नका" नको म्हटलं होतं.

ऊसकरी
पाइप वर काढा, ट्रॅक्टरसारखा. बॉनेटच्या बाजूने उभा, काचेच्या खांबाला क्लॅम्प. मागची भानगडच मिटली. पाण्यात उतरलं तरी तोंड वर. आमच्याकडं एकाने केलाय, लांबून ट्रॅक्टरच येतोय असं वाटतं.

चिखल्या
आणि फांदी अडकली की पाइप काचेसकट खाली. शिवाय कापडी टपाच्या शेजारी तापलेला पाइप?

ऊसकरी
जाळी लावायची की. ट्रॅक्टरला पण लावतात.

पाना_तेरा
घाटमाथा, डिझेल आहे असं धरून चालतो, कारण ते तुम्ही अजून लिहिलेलं नाही. इंजिन मूळचं पेजो कंपनीचं आहे का? आणि मॅनिफोल्डवरून (इंजिनातला धूर गोळा होतो तिथून) पाइप कोणत्या बाजूला उतरतो? त्यावर सगळं आहे.

घाटमाथा
पेजो केव्हाच काढलं, महिंद्रचं डीआय डिझेल इंजिन बसवलंय. पाइप डावीकडे उतरतो.

पासिंग_काका
डीआयची नोंद आरसीवर आहे का? १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाला गाडी न्यावी लागते, तेव्हा इंजिन नंबर बघतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२अ आलं: मालकाने बेकायदा बदल केला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. टाकी हलवणं हाही बदलच.

घाटमाथा
काका, धागा पाइपचा आहे.

डेट्रॉईटची_सून
मी नोकरीत एक्झॉस्टचंच काम करते, म्हणून राहवत नाही.

फिटर म्हणतो तसं चाकाच्या आधी बाजूला काढू नका. कापडी टपाची गाडी चालते तेव्हा मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर उलटा आत ओढला जातो. पाइपचं तोंड बॉडीच्या खालीच संपलं तर हे आणखी वाढतं. गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना तर धूर फळीच्या सगळ्या भोकांतून वर येतो. पेट्रोलला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जास्त, डिझेलला कमी, पण "कमी" म्हणजे शून्य नव्हे. चिखल्या यांच्या जिप्सीला तर मी आजच पाइप लांबवायला सांगेन. तोंड बॉडीच्या कडेच्या बाहेर आलंच पाहिजे.

दुसरं म्हणजे वाळलेलं गवत. दिवाळीनंतर आपल्याकडच्या पठारांवर गुडघाभर वाळकं गवत असतं. चढ चढून आलेला तापलेला पाइप त्यात टेकवून गाडी उभी केलीत तर पेट घ्यायला वेळ लागत नाही.

आता तुमचा प्रश्न. मला वाटतं टाकी आणि पाइप एकाच जागेसाठी भांडताहेत ते टाकी मध्यावर धरल्यामुळे. ती उजवीकडे सरकवता येईल का?

चिखल्या
ताई, इतकी वर्षं बाजूच्या पाइपवर चालवतोय, अजून जिवंत आहे. डेट्रॉईटमध्ये बसून सह्याद्रीतलं ऑफरोडिंग कळत नाही.

डेट्रॉईटची_सून
माझं माहेर जुन्नर. आणि वायू पासपोर्ट बघत नाही.

पाना_तेरा
ताईंचं बरोबर आहे, आणि गाडीही तेच सांगतेय. या जीपला डाना १८ ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) असते. तिच्यात मागचा शाफ्ट मधून न जाता एका अंगाला सरकलेला असतो. तुमच्या गाडीखाली झोपून बघा, शाफ्ट उजवीकडे असला तर डावी बाजू रिकामी आहे आणि पाइपही डावीकडेच उतरतोय. सायलेन्सर एक्सलच्या पुढे, डाव्या रेलच्या आतल्या अंगाला ठेवा. तिथून पाइप एक्सलवरून कमान करून, डाव्या पाट्याच्या आतून, मागच्या चाकाच्या पलीकडे बाहेर. तोंड थोडं तिरकं आणि खाली, बॉडीच्या कडेपर्यंत. टाकी उजव्या रेलला धरून.

एक्सलवरची कमान मात्र गाडी जमिनीवर उभी असताना मोजू नका. डावं मागचं चाक वाळूच्या पोत्यांवर किंवा रॅम्पवर चढवून पाटे पूर्ण दाबून घ्या, मग पाइप आणि एक्सलच्या हौसिंगमध्ये तीन-चार बोटं उरतात का बघा. नुसती उभी गाडी मोजली तर पहिल्याच बांधावर हौसिंग पाइपला ठोकतं.

घाटमाथा
आत्ता बघून आलो. शाफ्ट उजवीकडेच आहे. म्हणजे पाइप डावीकडून एक्सलवरून. धन्यवाद. टाकी आणि पाइपमध्ये किती अंतर?

डेट्रॉईटची_सून
जमेल तेवढं, पण निदान ३ ते ४ इंच तरी. मध्ये पत्र्याचं कवच लावा, टाकीला चिकटवून नको. कवच आणि टाकी यांच्यात इंचभर हवा खेळती हवी, नाहीतर कवचच तापून टाकीला चटका देतं. सायलेन्सरच्या वरच्या फळीलाही तसंच कवच, नाहीतर मागे बसणाऱ्यांची रबरी मॅट मऊ होते.

इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि पाइप चासीला बांधलेला असतो, म्हणून पुढच्या उतारावर बेलो (पाइपचा लवचिक तुकडा) घालाच. तो नसला की मॅनिफोल्डचा जोड तडकतो आणि लोक गॅस्केटला दोष देत बसतात.

फोर्डफॅन
मागे टाकी म्हटलं की फोर्ड पिंटो आठवते. सत्तरच्या दशकात अमेरिकेत तिची टाकी मागच्या एक्सलच्या मागेच होती आणि मागून धडक बसली की पेट घ्यायची. तुम्ही तोच प्रकार हाताने करताय.

ऊसकरी
ती पेट्रोलची. डिझेल पेटत नाही. काडी टाकली तरी विझते, आम्ही करून बघितलंय.

पाना_तेरा
ऊसकरी, असं लिहून ठेवू नका, कोणीतरी करून बघेल. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेटू शकते ते) मानकात किमान ३५ अंश आहे. उन्हाळ्यात विदर्भात सावलीतही तेवढं तापमान असतं. पेट्रोलइतकं घातक नाही हे खरं, पण तापलेल्या पाइपवर ठिबकणारं डिझेल धूर करतं आणि पुढे पेटतंही.

घाटमाथा, धडकेचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका. टाकी मागच्या क्रॉस मेंबरच्या (चासीच्या आडव्या पट्टीच्या) पुढेच राहू द्या, हूकच्या मागे किंवा खाली लोंबायला नको. खाली एक तिरकी संरक्षक प्लेट द्या. आणि टाकी बोल्टने घट्ट आवळू नका, चासी पिळते तेव्हा टाकीचा जोड फाटतो. रबराच्या पट्टीवर ठेवून पत्र्याच्या दोन पट्ट्यांनी बांधा. टाकी किती लिटरची करताय? चाळीस लिटर डिझेल म्हणजे चौतीसेक किलो वजन, तेही खड्ड्यात उसळणारं. डिझेल हिंदकळू नये म्हणून आत पडदे घातलेत ना? आणि पत्रा कोणता आणलाय?

घाटमाथा
चाळीसचीच. पडदे सांगतो घालायला. पत्रा गॅल्वनाइज्ड आणलाय, आतून गंजू नये म्हणून. तोंड जुन्या टाकीचं कापून नवीला लावणार, म्हणजे झाकण मिळतंजुळतं राहील.

पाना_तेरा
थांबा! दोन्ही थांबवा.

गॅल्वनाइज्ड पत्रा डिझेलला चालत नाही. डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताची क्रिया होऊन साबणासारखा चिकट साका तयार होतो आणि फिल्टर वारंवार चोंदतात. साधा काळा पत्रा घ्या, नाहीतर स्टेनलेस. त्याशिवाय गॅल्वनाइज्डचं वेल्डिंग करताना जो पांढरा धूर येतो, त्याने वेल्डरला रात्री हुडहुडी भरते.

आणि जुनी टाकी गॅस कटरने अजिबात कापू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत वाफ आणि हवा मिसळलेली असते. उन्हात वाळवली, फडक्याने पुसली, याने काही होत नाही. शिवणीत अडकलेलं डिझेल आच लागली की वाफ होऊन बाहेर येतं. असल्या टाक्या फुटून माणसं गेलेली आहेत. तोंड नवीनच घ्या, बाजारात मिळतं.

डेट्रॉईटची_सून
शंभर टक्के. हा मुद्दा पाइपपेक्षा मोठा आहे.

घाटमाथा
पत्रेवाला बदलून देईल. तोंडाचं बघतो.

वडापवाला
पण टाकी हलवायचं कारण काय ते अजून कळलं नाही. सीटखाली दगड लागत नाहीत, चिखल लागत नाही. सगळ्यात सुरक्षित जागा तीच.

घाटमाथा
उंची सहा फूट दोन. टाकीमुळे सीट खाली जात नाही, मागे सरकत नाही. गुडघे स्टीअरिंगला लागतात आणि टपाच्या दांडीला डोकं. बकेट सीट आणून ठेवलीय.

वडापवाला
अहो मग टाकीच उथळ करून घ्यायची की! त्याच जागेवर निम्म्या उंचीची, वर सीट. बाकीचं डिझेल मागे डब्यात. आम्ही गाडीत डबा ठेवूनच फिरायचो.

चिखल्या
हे पटण्यासारखं आहे. पाइपला हातही लावायला नको.

पाना_तेरा
निम्मी टाकी म्हणजे वीस लिटर. शहरात चालेल, पण ताम्हिणीतून उतरून कोकणात दोन दिवस फिरायचं तर दर वेळी पंप शोधा. आणि उघड्या डब्यातून डिझेल नेणं मला तरी आवडत नाही.

वडापवाला
आवडणं वेगळं, चालणं वेगळं.

हायबॉनेट_९०
उशिरा आलोय, पण कोणी बोललंच नाही म्हणून सांगतो. टाकी मागे गेली की डिझेलची नळी सात-आठ फुटांनी वाढते आणि फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या) तेवढं ओढावं लागतं. पंपाचा डायफ्रॅम जुना असेल तर आधी बदला. गंमत अशी, की ओढणाऱ्या बाजूचा जोड सैल असला तर डिझेल ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. खाली कोरडं दिसतं आणि गाडी चढावर बंद पडते. मग दर वेळी हात पंप मारून एअर काढत बसायचं. म्हणून जोड कमी ठेवा आणि सलग लोखंडी नळी टाका, रबर फक्त दोन टोकांना.

रिटर्नची, म्हणजे उरलेलं डिझेल परत आणणारी नळीही टाकीपर्यंत न्यावी लागेल. तिचं तोंड टाकीत ओढणाऱ्या नळीपासून लांब ठेवा, नाहीतर परत आलेलं गरम, फेसाळ डिझेल लगेच ओढलं जातं. ओढणारी नळी तळापासून अर्धा इंच वर, म्हणजे गाळ खालीच राहतो.

आणि ब्रेदर, टाकीत हवा घेणारी नळी! तो विसरला तर टाकीत पोकळी होते, गाडी थोडी चालून मरते, झाकण उघडलं की फुस्स होतं आणि परत चालू. ब्रेदरची नळी बॉडीच्या आतून वर, मागच्या लाइटच्या उंचीपर्यंत न्या, वळसा देऊन तोंड खाली करा. पावसाळ्यात ओढ्यात उतरता ना, टाकी आता पाण्यात बुडणार आहे.

पासिंग_काका
ओढ्यात गाडी घालणं हाही एक वेगळा विषय आहे. वनखात्याच्या हद्दीत असाल तर

चिखल्या
काका, वाक्य पूर्ण नका करू.

डिझेलदा
कोणी इलेक्ट्रिक करून घेण्याचा विचार केला आहे का? टाकीही नको, पाइपही नको. जुन्या जीपला मोटर बसवणारे लोक आहेत आता.

ऊसकरी
नाव डिझेलदा आणि सल्ला हा?

घाटमाथा
हायबॉनेट, रिटर्न आणि ब्रेदरबद्दल आभार. दोन्ही नळ्यांना किती एमएम पाइप? आणि मीटरचा फ्लोट जुनाच चालेल का?

हायबॉनेट_९०
ओढायला ८, रिटर्नला ६ पुरते. फ्लोट जुना चालेल, पण दांडी नव्या टाकीच्या खोलीप्रमाणे वाकवावी लागेल. टाकी वर चढवण्याआधी हातात धरून वर-खाली करून बघा, काटा पूर्ण फिरतो का. चढवल्यावर कळलं तर परत सगळं उतरवा. मीटरला वेगळी अर्थिंगची तार द्या, रबरावर बसलेल्या टाकीला चासीचं अर्थिंग मिळत नाही.

चिखल्या
मी अजूनही म्हणतो, बाजूचा पाइप सोपा पडला असता.

डेट्रॉईटची_सून
तुम्ही तोंड बॉडीबाहेर लांबवलंत का?

चिखल्या
इंचभर बाहेर आहेच आधीपासून.

डेट्रॉईटची_सून
फोटो टाका.

घाटमाथा
वेल्डर शनिवारीच येतोय म्हणे. काळा पत्रा मिळाला. बेलो दीड इंची आहे दुकानात, पाइप पावणेदोन आहे. चालेल?

पाना_तेरा
नाही. पाइपच्या मापाचाच घ्या, अरुंद केलात तर बेलोवर धूर तुंबेल. दुसऱ्या दुकानात जा.

जीप_जुनी
घाटमाथा, जुनी टाकी कापली नसेल तर विकणार का? माझ्या सीजेची तळाला सडली आहे. तुम्ही पुण्यात असाल तर मी येऊन घेऊन जातो.