सुरमईच कशाला, बांगडा उकडून बघा

पोरांच्या डब्यासाठी मासे आणि भाजी घालून फिंगर्स (बोटांएवढे लांबट कटलेट) करताना काटे नकोत म्हणून सुरमईच घ्यावी, असं कुणीतरी सुचवलंय, ते काही पटलं नाही. सुरमई मोठा शिकारी मासा, तिच्यात पारा बांगड्या-तारल्यांपेक्षा जास्त साठतो. पोरांच्या डब्यात ती सारखी नकोच. शिवाय भाव! आम्ही मालवणात बांगडाच वापरतो. हळद, मीठ, दोन आमसुलं घालून उकडायचा. शिजला की मधला काटा अलगद उचलून येतो. बारीक काटे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून मी सगळा मासा परातीत पसरून बोटांनी चाचपते. मग सासूबाई हात फिरवतात, आणि त्यांना एखादा सापडतोच.

भाजीत गाजर, फरसबी ठीक. दुधी मात्र किसून घट्ट पिळा, नाहीतर फिंगर्स तव्यावरच मोडतात. तरी सैल वाटलं तर चमचाभर तांदळाचं पीठ. वरून रवा, तेल बेताचं. आणि डब्यात मऊ पडतात त्यात पिठाचा दोष नाही, वाफेचा आहे. पंख्याखाली पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावायचं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुका जवळा दोनदा धुऊन घालते, वेगळं मीठ न टाकता.